चानकी आणि आरसा

पाचोऱ्याहून एका सुनेचं पत्र आलंय. लग्नाला दोन वर्षं झालीत. ती शाळेत शिकवते, नवरा रोज सकाळच्या गाडीने जळगावला कामाला जातो. घरात सासू-सासरे आहेत, त्यांच्या लग्नाला 35 वर्षं झाली. ती लिहिते:

'मावशी, सासूबाई भाकरी थापताना शेवटी उरलेल्या पिठाची तळहाताएवढी चानकी करतात आणि मामंजींच्या ताटात आधी तीच वाढतात. मामंजी गंभीर चेहऱ्याने विचारतात, "पीठ सरलं का आज?" त्या म्हणतात, "तुमच्या वाट्याचं एवढंच होतं." रोज हेच, आणि रोज दोघं हसतात. मामंजी बाजारातून येताना मेथीच्या जुडीत गोडीशेवेची पुडी खुपसून आणतात. हे बघून मला बरं वाटतं आणि रडूही येतं. आमच्यात असं काहीच नाही. एकदा मी यांच्या डब्यात चिठ्ठी ठेवली, तर फोन आला, "डब्यात कुठला तरी कागद आला, जरा बघत जा." माणूस वाईट नाही. सकाळी निघताना माझी स्कूटी गेटकडे तोंड करून ठेवतात. पण आरसा रोज वाकडा करून ठेवतात, तो मला सरळ करावा लागतो. एवढ्याशा गोष्टीतही लक्ष नाही. आमचा संसार असाच कोरडा जाणार का?'

माय, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. चिठ्ठीपाशी मलाही लागलं. आपण जीव लावून चार ओळी लिहाव्यात आणि समोरच्याने कागद म्हणून बाजूला टाकाव्यात, हे दुखणारच. पण आरशापाशी मी थांबले. त्याच्याकडे येते, आधी चानकीचं बोलू.

तुझे सासू-सासरे नवे होते तेव्हा आपल्या गावाकडच्या भरल्या घरात नवरा-बायकोला चार शब्द बोलायला जागा नसायची. ओट्यावर सासरे, चुलीपाशी सासू, मधे जावा-नणंदा. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. एरवी नुसतं 'अहो, ऐकलं का'. दिवसाउजेडी नवऱ्याशी हसून बोलली तर सून शेफारली म्हणायचे. पण ताट वाढायला कोण अडवणार? म्हणून जे तोंडाने बोलता येत नव्हतं ते भाकरीतून जायचं, बाजाराच्या पिशवीतून यायचं. चानकी त्या दिवसांतली असावी असं मला वाटतं. कदाचित एखाद्या दिवशी खरंच पीठ सरलं असेल. तू विचार ना सासूबाईंना. त्या भाकरी थापत असताना जवळ बसून विचार. मात्र 'तुमचा मुलगा असा नाही' हे त्यात येऊ देऊ नकोस, नाहीतर त्या गोष्ट सांगायची सोडून मुलाची बाजू घेत बसतील.

आणि एक नीट बघ. चानकी एकट्या सासूबाईंची नाही. मामंजी विचारतात म्हणून ती चानकी आहे. त्यांनी एक दिवस गुपचूप खाल्ली असती, तर दुसऱ्या दिवशी ती नुसती उरलेल्या पिठाची भाकरी झाली असती. जॉन गॉटमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नवी लग्नं झालेली जोडपी घेऊन नेमकं हेच तपासलं. एकाने काहीतरी छोटंसं पुढे केलं, 'ते पक्षी बघ' एवढंच का असेना, तर दुसरा त्याला प्रतिसाद देतो की नाही? सहा वर्षांनी पाहिलं तेव्हा जी जोडपी एकत्र टिकली होती, त्यांनी 100 पैकी 86 वेळा प्रतिसाद दिलेला होता. ज्यांचा घटस्फोट झाला होता, त्यांनी 33 वेळा. यात कुणी कुणाला मोठी भेट दिली, फिरायला नेलं, असलं काही मोजलेलं नाही. मोजलंय ते वळून बघणं.

आता माझं सांगते. लग्नानंतरचा पहिला उन्हाळा मी भुसावळला काढला. पारा 45 च्या आसपास गेला की घरात झोपवत नाही, म्हणून संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं आणि रात्री वर गाद्या टाकायच्या. पाणी मारायचं काम आमच्या ह्यांचं. हे फार कमी बोलायचे. आपल्या नशिबी अबोल माणूस आला असं मी मनात धरून बसले होते. एक दिवस वारा सुटला म्हणून वाळत घातलेल्या बिबड्या गोळा करायला मी लवकर वर गेले. बघते तर हे तांब्याच्या बारीक धारेने कोरड्या फरशीवर माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढत होते. फरशी इतकी तापलेली की शेवटची रेघ ओढेपर्यंत पहिली वाळत आली होती. 'हे कधीपासून?' म्हटलं, तर म्हणाले, 'आखाजीपासून', म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून. रोज अक्षर काढायचे, मग त्यावर बादली ओतायचे, आणि मी वर येईपर्यंत काही उरायचं नाही. आता आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, गच्ची सगळ्यांची. पण परातीत पीठ चाळून ठेवलं आणि पाणी आणायला वळले, की परत येईपर्यंत पिठावर बोटाने ते अक्षर काढलेलं असतं. ते मोडून कणीक भिजवायला आजही माझा हात जरा थांबतो.

म्हणून मी तुझ्या आरशापाशी थांबले. स्कूटी फिरवताना हात हँडलला लागतो, आरशाला नाही. तो रोज वाकडा होतो, तुझ्या बाजूलाच वळलेला असतो का? तू बसलीस की त्यात मागचा रस्ता दिसतो, की तुझाच चेहरा? छातीवर हात ठेवून मी सांगू शकत नाही, धक्का लागूनही होत असेल. पण जो माणूस घाईची गाडी पकडायची असताना तुझी स्कूटी रोज वळवून ठेवतो, त्याचं लक्ष नाही हे मला पटत नाही.

उद्या आरसा सरळ करण्याआधी त्यात बघ. मग संध्याकाळी त्याच्या मोटारसायकलच्या आरशावर तुझी एक टिकली चिकटव, कोपऱ्यात, रस्ता झाकला जाणार नाही अशी. बोलू नकोस काही. आठ दिवस वाट बघ. टिकली तशीच राहिली, तर त्याने ती ठेवली. काढून तुझ्या आरशावर आली, तर तुमचं सुरू झालं. आणि 'आरशाला हे काय चिकटलंय' म्हणाला, तर तिथल्या तिथे सांग, 'माझी टिकली आहे, मुद्दाम लावली.' काही माणसांना खूण सांगावी लागते, त्यात कमीपणा नाही. चिठ्ठीचंही असंच सांग. बहुतेक त्याने ती उघडलीच नसेल. 'त्या कागदावर काय लिहिलं होतं माहितीये?' एवढं विचार आणि पाठ असेल तर म्हणून दाखव.

एक गोष्ट सांभाळ. गंमत आणि टोमणा यांच्यात फार अंतर नसतं. माहेर, रंग, वजन, पगार यावरून चारचौघांत काढलेली फिरकी प्रेमाची नसते, ती तूही काढू नकोस आणि त्याने काढली तर हसून नेऊ नकोस. आणि आत खरोखर काही बिनसलं असेल तर टिकलीने ते झाकू नकोस, ते समोरासमोर बसूनच बोलायचं.

तुम्हा दोघांना घरात वेगळी खोली आहे, बोलायला कुणाची आडकाठी नाही. पण तो गाडीने थकून येतो, तू वह्या तपासतेस, आणि उरलेला वेळ दोन मोबाइल खातात. त्यातून तुमचं काही उगवायला दोन वर्षं थोडी आहेत गं. सासूबाईंची चानकी उचलू नकोस, ती त्यांची आहे.

तिचं मूळ कळलं की मला मात्र नक्की लिही. आणि आरशात काय दिसलं, तेही.

तुझी मावशी