पपायरस म्हणजे भूर्जपत्र नव्हे

प्रश्न : मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात योहानाच्या शुभवर्तमानाचा जो प्राचीन ग्रीक तुकडा आहे, त्याला मराठीत 'भूर्जपत्र' म्हटले तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. तो तुकडा पपायरसचा आहे, भूर्जाच्या सालीचा नव्हे. जुने, पिवळे, फाटके काही दिसले की 'भूर्जपत्र' म्हणून मोकळे व्हायचे, हे ऐकून कान किटले आहेत. पपायरसच्या 'बिब्लोस' या ग्रीक नावाचे बायबल कसे झाले ते सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो. भूर्जाकडे येतो, कारण इतका इमानी शब्द क्वचित सापडतो. संस्कृत भूर्ज, इंग्रजी बर्च, रशियन बेर्योझा, लिथुआनियन बेर्झास ही सारी एकाच मुळाची लेकरे. हजारो वर्षे आणि हजारो कोस लोटले, तरी प्रत्येकाने तेच झाड धरून ठेवले! मुळाचा अर्थ 'चकाकणे' मानतात. आपला 'भ्राज्' धातूही त्याच घरचा. हिमालयातल्या भूर्जाची पांढुरकी साल उन्हात पाहिली की हे लगेच पटते. गांधारातल्या बौद्ध पोथ्या त्याच सालीवर लिहिल्या आहेत. नाईलकाठी मात्र भूर्ज उगवत नाही.

पपायरस तर झाडच नव्हे. पाणथळीत वाढणारी ही उंच वनस्पती आपल्या लव्हाळ्याच्या कुळातली. तिच्या दांड्यातला पांढरा गर चिरून पातळ पट्ट्या काढायच्या, एका थरावर दुसरा आडवा थर द्यायचा आणि दाबून वाळवायचे. यात साल नाही की पान नाही, तेव्हा 'पत्र'ही गेले. ताम्रपटाच्या चालीवर मी 'लव्हाळपट' म्हणतो आणि म्हणत राहणार. 'पत्र'चा अर्थ आता व्यापक झाला, असे सांगणाऱ्या कोशपंडितांनी मराठी बायबल उघडावे. तान्ह्या मोशेला नदीकाठी ठेवले ती पेटी लव्हाळ्याची आहे आणि तिथला हिब्रू शब्द 'गोमे' म्हणजे पपायरसच! भाषांतरकारांना जे सुचले ते कोशकारांना का सुचू नये?

आता तुमचा तुकडा. पपायरसचे अभ्यासक बर्नार्ड ग्रेनफेल यांनी तो १९२० मध्ये इजिप्तमध्ये विकत घेतला, त्याच विषयाचे अभ्यासक कॉलिन रॉबर्ट्स यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. आकार जेमतेम ८.९ बाय ६ सेंमी. एका बाजूला अठराव्या अध्यायातली ३१ ते ३३ ही वचने, पाठीमागे ३७ आणि ३८ : रोमन सुभेदार पिलातासमोर चाललेली येशूची चौकशी. मजकूर पान उलटून पुढे जातो, म्हणजे ही गुंडाळी नव्हे, बांधलेल्या पुस्तकातले पान आहे. म्हणून 'गुंडाळी'ही लिहू नका. रॉबर्ट्स यांनी अक्षरवळणावरून दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध ठरवला; अभ्यासक ब्रेंट नोंग्ब्री यांनी २००५ मध्ये दाखवून दिले की निव्वळ वळणावरून इतकी घट्ट मर्यादा घालता येत नाही, काळ तिसऱ्या शतकाच्या आरंभापर्यंतही येऊ शकतो. तेव्हा 'इ. स. १२५' असा नेमका आकडा छापू नका. 'दुसरे शतक, फार तर तिसऱ्याचा आरंभ' एवढेच लिहा.