बंद करायची ती सहाची शिकवणी, बारावी नाही

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला सिकलसेल आहे, एसएस. जूनपासून तीनदा भरती करावं लागलं. तिला नर्स व्हायचंय. घरचे म्हणतात, यंदा परीक्षा नको, घरीच राहू दे. रात्री-बेरात्री तिला दवाखान्यात न्यायला कोणी हवं म्हणून मोठ्या मुलाचं आयटीआय सोडवायचं चाललंय, तो दुसऱ्या वर्षाला आहे. सासरचे म्हणतात, हा आजार माझ्याकडून आला. काय करू?
– एक आई, चंद्रपूर जिल्हा

ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. एसएस, म्हणजे पूर्ण सिकलसेल, हा रक्ताचा आजार एकट्या आईकडून येत नाही. मुलीला एक सदोष जनुक तुमच्याकडून मिळाला आणि एक तिच्या बाबांकडून. दोघांपैकी कोणाचीच त्यात चूक नाही. आईबाप दोघे एएस, म्हणजे असा एकच जनुक असलेले वाहक, असले की प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक असते. सासरच्यांना हे तुम्ही समजावण्यापेक्षा दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. मुलाचीही तपासणी करून घ्या, लग्नाच्या वेळी ती माहिती लागेल.

आता मुलाचं. त्याचं आयटीआय सोडवू नका. शेवटच्या वर्षी सोडलं तर हातात प्रमाणपत्र नाही आणि मनात बहिणीबद्दल अढी. आणि मुलीला आपल्यामुळे भावाचं शिक्षण गेलं हे ओझं जन्मभर राहील. तुम्हाला माणूस हवाय तो अवघड रात्रींसाठी, रोज दिवसभर नाही. एका पिशवीत तिची फाइल, गोळ्या, पाण्याची बाटली, शाल कायम भरून ठेवा. १०८चा नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. आशाताईंशी आणि जवळच्या एखाद्या गाडीवाल्या शेजाऱ्याशी आजच बोलून ठेवा.

मुलीची परीक्षा बंद करण्याआधी एक सांगा, ती शिकवणीला किती वाजता जाते? आपल्याकडे बहुतेक शिकवण्या पहाटे सहाच्या. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सायकलवर चार किलोमीटर. थंडी, दमणूक आणि पाण्याची कमतरता, या तिन्हींनी दुखणं उठतं. दुसरं, कॉलेजात ती पाणी पिते का? माझ्याकडे आलेल्या कितीतरी मुलींनी सांगितलंय, ‘मॅडम, तिथलं बाथरूम घाण आहे, म्हणून आम्ही पाणीच पीत नाही.’ साध्या मुलीला ते निभावतं. सिकलसेलमध्ये लघवी वाटे पाणी जास्त जातं, म्हणून पाणीही जास्त लागतं आणि बाथरूमही. तुम्ही स्वतः प्राचार्यांना भेटून शिक्षिकांच्या बाथरूमची परवानगी मागा. लाजू नका ताई, हे औषधाइतकंच गरजेचं आहे. शिकवणी दुपारची करा, नाही जमली तर सोडा. सिकलसेलचं दुखणं कमी उठावं म्हणून देतात त्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

हजेरी कमी पडणार असेल तर सगळी डिस्चार्ज कार्डं जोडून कॉलेजला आत्ताच लेखी अर्ज द्या. सिकलसेल २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणी करून घ्या. ते मिळालं की परीक्षेतल्या सवलतींसाठी कॉलेजमार्फत नागपूरच्या विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवा. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आलं तर सरकारी आणि अनुदानित संस्थांतल्या उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव असतात. पण सरकारी नोकरीतलं ४ टक्के दिव्यांग आरक्षण रक्ताच्या आजारांना लागू नाही. कोणी एजंट ‘कार्ड काढा, नोकरी पक्की’ म्हणाला तर पैसे देऊ नका. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादा पेपर दवाखान्यात गेला, तरी पुरवणी परीक्षा आहे.

नर्सिंगबद्दल मी तुम्हाला गोड सांगणार नाही. रात्रपाळी, तासन्‌तास उभं राहणं, वॉर्डातले संसर्ग, यातलं प्रत्येक तिच्या शरीराला जड आहे. तरी नाही म्हणण्याआधी तिला विचारा, नर्सच का? दवाखान्यात जिने तिचा हात धरला त्या सिस्टरसारखं व्हायचंय, की औषधांची माहिती आवडते? पहिलं असेल तर समाजकार्याची पदवी घेऊन रुग्णांच्या समुपदेशनाकडे जाता येतं. दुसरं असेल तर डी.फार्म. बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचं आहे, आणि औषधाच्या दुकानात बसायला खुर्ची असते, पाणी हाताशी असतं, रात्री घरी येता येतं. ‘हलकं काम’ शोधू नका, दुखायला लागल्यावर थांबता येईल असं काम शोधा. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांसमोर तिलाच हा प्रश्न विचारू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.

सोमवारी आधी कॉलेजात जा. हजेरीचा अर्ज आणि बाथरूमची परवानगी, दोन्ही एकाच फेरीत होईल.