फाउंड्रीतली पहिली दोन वर्षं

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, धातू ओतून भाग बनवणाऱ्या फाउंड्रीत नोकरी लागली की लगेच एम.टेक.च्या मागे लागू नकोस. पहिले सहा महिने सँड प्लँट (साच्याची वाळू तयार होते तो विभाग) आणि रिजेक्शनच्या ढिगाजवळ काढ. रिजेक्ट झालेलं कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, कापून बघ. आतून गुळगुळीत, गोलसर पोकळी असेल तर बहुधा गॅसचं ब्लोहोल. खडबडीत, वेडीवाकडी असेल तर श्रिंकेज, म्हणजे धातू थिजताना आकसून पडलेली पोकळी. पहिल्यात वाळूचा ओलावा आणि व्हेंटिंग (साच्यातून वायू बाहेर जायची वाट) तपासायचं, दुसऱ्यात रायझर (आकसणाऱ्या धातूला भर पुरवणारा साठा). ही गल्लत झाली की महिनाभर भलतीच दुरुस्ती चालते आणि माल तसाच परत येतो. वहीत रोज हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक), ओलावा, ओतण्याचं तापमान, रिजेक्शन टिपून ठेव. मुलाखतीत याच आकड्यांवर विचारतात.

शिक्षणाला एनपीटीईएल (आयआयटी वगैरेंचे ऑनलाइन कोर्स) चांगलं. कोर्स फुकट, फी फक्त परीक्षेला. असाइनमेंटला 25 गुण, परीक्षेला 75. पास व्हायला निदान 10 आणि 30 हवेत. शिफ्ट बदलली की असाइनमेंट हमखास राहते, म्हणून एका वेळी एकच कोर्स घे, 8 आठवड्यांचा. त्याआधी ड्रॉइंगवरचं जीडी अँड टी (आकार-जागेत किती फरक चालेल ते सांगणारी चिन्हं) पक्कं कर बाबा, मशीन शॉपशी निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. पुढे एम.टेक.साठी गेट परीक्षा द्यायची असेल तर स्कोअर 3 वर्षं चालतो, तेवढं धरून वर्ष ठरव.