शाळेतील गोळीबार रोखायचा असेल, तर आधी घरातल्या पिस्तुलाला कुलूप लावा

आपण विचारले आहे की अमेरिकेत शाळांमध्ये वारंवार गोळीबार होत असूनही तेथे बंदुकांवर सरळ बंदी का घातली जात नाही, आणि ती घातली जाणार नसेल तर प्रत्येक शाळेत सशस्त्र रक्षक नेमणे पुरेसे नाही का. आपला मुलगा कुटुंबासह डॅलसजवळ राहायला जात आहे, नात तेथे दुसरीत बसणार आहे आणि ‘आता तिथे काळजी नाही’ असे आपल्याला सांगण्यात आले आहे, असेही आपण लिहिले आहे. मी मिशिगन राज्याच्या ओकलंड काउंटीत राहते. माझा मुलगा आता कॉलेजात आहे आणि मुलगी हायस्कूलमध्ये शिकते. ज्या ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ रोजी चार विद्यार्थी मारले गेले, ते याच काउंटीत आहे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ वादविवादाचा राहिलेला नाही.

बंदीचा प्रश्न मी लवकर संपवते. शस्त्र बाळगण्याचा हक्क तेथील राज्यघटनेत १७९१ पासून आहे. हा हक्क व्यक्तीचा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले आणि २०२२ मध्ये घराबाहेर शस्त्र बाळगण्यापर्यंत त्याची व्याप्ती वाढवली. घटना बदलायची तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि त्यानंतर ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता लागते. सामान्य नागरिकांच्या हाती असलेल्या बंदुकांची संख्या २०१८ च्या अंदाजानुसार ३९ कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येपेक्षाही जास्त आहे. ब्रिटनने १९९६ च्या डनब्लेन येथील शाळेतल्या हत्याकांडानंतर पिस्तुलांवर बंदी घातली, आणि ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी पोर्ट आर्थर येथील हत्याकांडानंतर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून विकत घेऊन नष्ट केल्या. अमेरिकेने तसे केले तर मला मनापासून आनंद होईल, पण आपली नात शाळेत असेपर्यंत ते होणार नाही. म्हणून जे होऊ शकते त्याबद्दलच बोलणे मला योग्य वाटते.

सशस्त्र रक्षकांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: त्यांच्यावर विसंबून राहणे ही पालकांनी स्वतःची करून घेतलेली फसवणूक आहे. १९९९ मध्ये कोलंबाइन हायस्कूलला नेमलेला सशस्त्र पोलीस अधिकारी होता, त्याने मारेकऱ्यांपैकी एकावर गोळ्याही झाडल्या, तरीही बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक मेले. २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलंडला नेमणुकीवरचा अधिकारी इमारतीबाहेरच थांबून राहिला आणि आत सतरा जणांचा जीव गेला. आपल्या मुलाच्या नव्या राज्यात, टेक्सासमधील युव्हाल्डी येथे, २४ मे २०२२ रोजी निरनिराळ्या दलांचे एकूण ३७६ शस्त्रधारी जवान प्राथमिक शाळेवर जमा झाले, पण मारेकरी आत शिरल्यापासून त्याला ठार करेपर्यंत सुमारे ७७ मिनिटे गेली. एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर टेक्सासने २०२३ मध्ये कायदा करून प्रत्येक सरकारी शाळेत सशस्त्र रक्षक सक्तीचा केला. आपल्याला ज्यांनी ‘आता तिथे काळजी नाही’ असे सांगितले, त्यांच्या बोलण्यामागे बहुधा हाच कायदा असावा.

आता मुख्य मुद्दा. राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेल्या अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसने शालेय हल्ल्यांचा दोनदा सविस्तर अभ्यास केला आहे, एकदा २००२ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये. दोन्ही वेळा निष्कर्ष सारखाच निघाला. बंदूक वापरणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी ती स्वतःच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून घेतली होती. २०१९ च्या अहवालात हे प्रमाण तीन चतुर्थांशांच्या आसपास आहे. दुकान, काळा बाजार, टोळ्या ही सारी नावे वादात येतात, पण हत्यार बहुतेक वेळा वडिलांच्या कपाटातून निघालेले असते. न्यूटाउनच्या सँडी हूक शाळेत २०१२ मध्ये वीस लहानग्यांना मारणाऱ्या तरुणाने वापरलेल्या बंदुका त्याच्या आईने कायदेशीरपणे विकत घेतलेल्या होत्या.

ऑक्सफर्डमध्येही तेच घडले. पंधरा वर्षांच्या मुलासाठी वडिलांनी थँक्सगिव्हिंग या सणाच्या दुसऱ्या दिवशी पिस्तूल घेतले आणि आईने त्याला नेमबाजीच्या सरावाला नेले. तो वर्गात मोबाइलवर काडतुसे शोधताना शिक्षिकेला दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या कागदावर बंदुकीचे चित्र आणि मदतीची याचना सापडली, तेव्हा शाळेने आई-वडिलांना बोलावले. त्यांनी त्याला घरी नेले नाही, आपण बंदूक घेतली आहे हे सांगितले नाही, आणि शाळेने त्याचे दप्तर उघडून पाहिले नाही. ते पिस्तूल त्याच दप्तरात होते. दोन-अडीच तासांत चार मुले गेली. २०२४ मध्ये ज्यूरींनी आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले आणि त्यांना दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शाळेतील गोळीबारासाठी मारेकऱ्याच्या पालकांना असा दोष लागण्याची अमेरिकेतील ही पहिलीच वेळ होती. बंदूक कुलपात ठेवण्याची सक्ती करणारा कायदा तेव्हा मिशिगनमध्ये नव्हता. तो १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. ज्या घरात अल्पवयीन मुले राहतात किंवा येण्याची शक्यता आहे, त्या घरात बंदूक कुलूपबंद पेटीत ठेवणे किंवा रिकामी करून तिलाच कुलूप लावणे आता येथे बंधनकारक आहे.

हे सगळे मी एवढ्या आवेशाने लिहिते, कारण ऑक्सफर्डच्या दोन वर्षे आधी याच गोष्टीवरून माझे आमच्याच माणसांशी बिनसले होते. आमच्याकडे मराठी कुटुंबांचा एक जुना गोतावळा आहे. त्यात वयाने मोठे असलेले एक गृहस्थ आहेत; आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो आणि त्यांच्या पत्नीला वहिनी. आम्ही या देशात नवीन आलो तेव्हा त्यांनी आम्हाला घर मिळवून दिले होते, माझ्या बाळंतपणात वहिनींनी डिंकाचे लाडू करून आणले होते, आणि त्यांचे ऋण मी आजही मानते. भारतीयांच्या घरात सोने असते हे चोरांना कळल्यापासून आमच्या भागात भारतीयांची घरे नेमकी हेरून फोडली जाऊ लागली. दादांच्या शेजारच्या घरातून लग्नातले सगळे दागिने गेले, तेव्हा त्यांनी परवाना काढून पिस्तूल विकत घेतले आणि ते चालवायचे शिक्षणही घेतले. येथवर माझी काही तक्रार नव्हती.

माझा मुलगा तेव्हा सहावीत होता आणि दादांच्या मुलाबरोबर खेळायला शनिवारी त्यांच्याकडे जात असे. एकदा परतताना गाडीत त्याने सहज सांगितले की काकांचे पिस्तूल पलंगाशेजारच्या टेबलाच्या खणात मोज्यांखाली असते आणि त्यांच्या मुलाने ते त्याला काढून दाखवले. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि आधी सगळे नीट विचारून घेतले. घरी पोहोचताच वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, ते कुठे ठेवलंय हे मुलांना माहीतच नाही.” मुलांना जागा माहीत नसते ही पालकांची समजूत किती पोकळ असते, हे त्या एका वाक्यातून मला जेवढे कळले, तेवढे कोणत्याही अहवालातून कळले नसते.

दुसऱ्या दिवशी मी आणि माझे यजमान त्यांच्या घरी गेलो. मी दादांना विनंती केली की पिस्तूल छोट्या तिजोरीत ठेवावे आणि गोळ्या वेगळ्या ठेवाव्यात. ते म्हणाले, “कुलूप उघडेपर्यंत चोर घरात शिरलेला असेल. आणि तू माझ्या मुलावर संशय घेतेस?” मी सांगितले की बोटाच्या ठशावर किंवा आकड्यांवर उघडणाऱ्या तिजोऱ्या काही सेकंदांत उघडतात आणि संशय मी कोणाच्याही मुलावर घेत नाही, मला भीती बारा वर्षांच्या वयाची वाटते. यावर ते जे बोलले ते मी त्यानंतर अनेक मराठी घरांत ऐकले आहे: “आपली मुलं असलं काही करत नाहीत.” मी म्हटले की तिजोरी येईपर्यंत माझी मुले या घरी येणार नाहीत, आपला मुलगा मात्र आमच्याकडे केव्हाही यावा. त्यानंतर त्यांच्या सत्यनारायणाचे बोलावणे आम्हाला आले नाही. गोतावळ्यातील बऱ्याच जणांनी मला सांगितले की वडीलधाऱ्या माणसाच्या घरात जाऊन असे विचारणे उद्धटपणाचे होते. आमच्या यजमानांचेही मत थोडे तसेच होते.

त्या सर्वांना मी जे तेव्हा सांगितले तेच येथे लिहिते. ‘आपली मुले असे करत नाहीत’ हे प्रत्येक मारेकऱ्याच्या आई-वडिलांनाही आदल्या दिवसापर्यंत खरे वाटत होते. शिवाय धोका फक्त दुसऱ्याला मारण्याचा नसतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. ज्या घरांत नव्वद टक्क्यांना कमी समजतात, ज्या घरांत मुलगा स्वतःच्या मनातले सांगताना दहा वेळा विचार करतो, त्या घरांत मोज्यांखाली भरलेले पिस्तूल ठेवून ‘आपली मुले वेगळी’ म्हणणे मला कधीच मान्य होणार नाही. राहिला प्रश्न अपमानाचा. बालरोगतज्ज्ञांनी घरात बंदूक आहे का हे पालकांना विचारावे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना कितीतरी वर्षे सांगत आली आहे. फ्लोरिडाने २०११ मध्ये डॉक्टरांना असे विचारण्यापासून रोखणारा कायदा केला होता, तो २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. जो प्रश्न विचारण्याचा डॉक्टरांचा हक्क न्यायालयाने राखला, तो शेजाऱ्याने किंवा स्नेह्याने विचारणे असभ्य कसे ठरते, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. दादांनी ऑक्सफर्डच्या घटनेनंतर तिजोरी घेतली, वहिनींनी स्वतः फोन करून ते कळवले. मी अपमान केला हे मत मात्र दादांनी सोडलेले नाही, आणि विचारले ते योग्यच केले हे मत मीही सोडणार नाही.

तेव्हा आपल्या मुलाला आणि सूनबाईंना माझा पहिला सल्ला असा: नातीला कोणाच्याही घरी खेळायला किंवा रात्री राहायला पाठवण्यापूर्वी, मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे ज्या सहजतेने सांगतात त्याच सहजतेने, बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का हे विचारावे. घर मराठी माणसाचे असले तरी विचारावे. टेक्सासमध्ये तर आधी विचारावे, कारण तेथे २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याविना पिस्तूल जवळ बाळगता येते.

येथे काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. कुलूप सर्व हल्ले थांबवत नाही. पार्कलंडच्या एकोणीस वर्षांच्या आणि युव्हाल्डीच्या अठरा वर्षांच्या मारेकऱ्याने रायफली स्वतः दुकानातून कायदेशीरपणे विकत घेतल्या होत्या. तेथे उपयोग वयोमर्यादेचा आणि धोकादायक व्यक्तीचे शस्त्र न्यायालयाच्या आदेशाने काढून घेण्याच्या कायद्याचा आहे. पार्कलंडनंतर फ्लोरिडाने सुमारे तीन आठवड्यांत हे दोन्ही केले, खरेदीचे वय २१ वर नेले, आणि त्या विधेयकावर सही करणारा गव्हर्नर रिपब्लिकन, म्हणजे बंदुकांवरील निर्बंधांना सहसा विरोध करणाऱ्या पक्षाचा होता. टेक्सासने युव्हाल्डीनंतरही तसे केले नाही, याचा मला राग आहे. खरेदीपूर्वीची पार्श्वभूमी तपासणीही नोंदींइतकीच चांगली असते. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जणांना, त्यांत मुंबईच्या एका विद्यार्थिनीला आणि एका भारतीय प्राध्यापकांना, मारणाऱ्या तरुणाला न्यायालयाने स्वतःसाठी धोकादायक ठरवून उपचारांचा आदेश दिला होता. ती नोंद तपासणीच्या यादीत पोहोचलीच नाही आणि त्याला दोन्ही पिस्तुले मिळाली. आणि हेही खरे की कोणत्याही एका शाळेत असा हल्ला होण्याची शक्यता फार कमी असते. आपल्या नातीची शाळेतली वर्षे बहुधा पुस्तके, बस आणि मैत्रिणी यांतच जातील. लॉकडाउनचा, म्हणजे हल्ला झाल्यास वर्गाचे दार बंद करून आत गुपचूप लपून बसण्याचा सराव मात्र तिला वर्षातून काही वेळा करावा लागेल. त्याबद्दल तिला आधीच शांतपणे सांगून ठेवावे.

शाळा निवडताना सशस्त्र रक्षक आहे का हे विचारण्याची गरज नाही, कारण सरकारी शाळेत तो कायद्यानेच असायला हवा. विचारायचे ते हे: मुलांच्या धमक्यांची आणि बदललेल्या वागण्याची छाननी करणारी शाळेची समिती, जी टेक्सासमध्ये २०१९ पासून सक्तीची आहे, प्रत्यक्षात भरते का आणि तिच्यात समुपदेशक असतात का; मुलांना नाव न सांगता माहिती देता येईल अशी सोय आहे का; आणि एखाद्या विद्यार्थ्याबद्दल चिंता वाटून पालकांना बोलावले, तर त्याच्या घरी बंदूक आहे का हे शाळा त्यांना विचारते का. सीक्रेट सर्व्हिसने २०२१ मध्ये वेळीच उधळल्या गेलेल्या ६७ कटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले बहुतेक कट कोणीतरी, आणि बऱ्याच वेळा वर्गातल्याच एखाद्या मुलाने किंवा मुलीने, मोठ्या माणसाला जाऊन सांगितल्यामुळे उघड झाले होते. म्हणून नात जे काही सांगेल ते चहाडी म्हणून झिडकारू नये, असे घरातल्या सर्वांना आत्ताच सांगून ठेवावे.