वाचकांचे प्रश्न : सांधेदुखीच्या गोळ्या आणि हळदीचा अर्क

प्रश्न : माझ्या सासूबाई त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांना बऱ्याच वर्षांपासून आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. तज्ज्ञांच्या सल्ल्याने त्या आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेतात आणि दुखणे वाढले की ॲसिक्लोफेनॅकची गोळी घेतात. पण त्या गोळीने पोटात जळजळ होते. शेजारच्या काकूंनी त्यांना हळदीचा अर्क आणि मिरीचे सत्त्व असलेल्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत आणि ‘वनस्पतीच आहे, अपाय कसला’ असे सांगून बाकीच्या गोळ्या हळूहळू बंद करायला सुचवले आहे. दोन्ही औषधे एकत्र घेता येतील का? की नुसत्या कॅप्सूल पुरेशा आहेत?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात विलंब नको. कॅप्सूल मिळाल्या म्हणून मेथोट्रेक्सेट बंद करू नये. ॲसिक्लोफेनॅक दुखणे व सूज कमी करते, पण आमवाताला थांबवत नाही. सांध्यांची हाडे कुरतडली जाणे रोखण्याचे काम मेथोट्रेक्सेटसारखी औषधे करतात. हळदीच्या अर्काने हे काम होते, असे माणसांवरील कोणत्याही भक्कम अभ्यासातून सिद्ध झालेले नाही. औषध बंद केल्यावर काही आठवडे बरे वाटले तरी आत झीज चालूच राहू शकते, आणि एकदा वाकडी झालेली बोटे पुन्हा सरळ होत नाहीत.

आता एकत्र घेण्याविषयी. ही कल्पना निराधार नाही. सुजलेल्या सांध्यात जमलेल्या पांढऱ्या पेशी मोठ्या प्रमाणात मुक्त मूलके, म्हणजे आसपासच्या घटकांना इजा करणारे अतिक्रियाशील रेणू, सोडतात. सांध्यातील वंगणासारख्या द्रवात जे हायलुरोनिक आम्ल असते, त्याचे ती तुकडे करतात, त्यामुळे तो द्रव पातळ होतो. शिवाय हीच मूलके पेशींना आणखी दाह निर्माण करण्याचे संकेत देतात आणि चक्र चालू राहते. ॲसिक्लोफेनॅकसारख्या दाहशामक गोळ्या वेगळ्या ठिकाणी काम करतात. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की ॲस्पिरिनसारखी औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन हे वेदना व सूज वाढवणारे रसायन तयार होऊ देत नाहीत. या क्षेत्रातील कामासाठी त्यांना १९८२ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. प्रोस्टाग्लँडिन कमी झाले की वेदना व सूज उतरते, परंतु जठराचे अस्तर सांभाळणारे आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा टिकवणारे प्रोस्टाग्लँडिनही त्याच वेळी कमी होते. आपल्या सासूबाईंना होणाऱ्या जळजळीचे एक मुख्य कारण हेच असावे. या गोळ्यांचा रोख मुक्त मूलकांवर नसतो. हळदीतील कर्क्युमिनचा मात्र प्रयोगशाळेत त्या मूलकांवर आणि दाहाचे संकेत चालू करणाऱ्या यंत्रणेवरही परिणाम दिसतो. दोन औषधे दोन ठिकाणी काम करत असतील, तर गोळीचा डोस कमी करता येईल आणि पोटाला कमी त्रास होईल, ही संशोधकांची अपेक्षा आहे.

ही अपेक्षा माणसांमध्ये कितपत खरी ठरली? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात आमवाताच्या ४५ रुग्णांचे तीन गट केले होते : एकाला कर्क्युमिन, दुसऱ्याला डायक्लोफेनॅक (ॲसिक्लोफेनॅकच्याच जातीची गोळी) आणि तिसऱ्याला दोन्ही. तिन्ही गटांत सुधारणा झाली, पण दोन्ही एकत्र घेणारे रुग्ण नुसते कर्क्युमिन घेणाऱ्यांच्या पुढे गेले नाहीत. गट लहान होते आणि नकली गोळी घेणारा गट नव्हता, म्हणून या निष्कर्षावर फार भार टाकता येत नाही. गुडघ्याची झीज असलेल्या १४० रुग्णांवरील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र नुसत्या डायक्लोफेनॅकपेक्षा दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना अधिक आराम पडला आणि आम्लता कमी करणारे औषध त्यांच्यापैकी कमी जणांना लागले. हा अभ्यास तीन महिन्यांचा होता आणि कोणाला काय दिले जात आहे हे रुग्णांना ठाऊक होते. वेदनेसारखी गोष्ट मोजताना याचा परिणाम होतो. माझ्या मते, वेदनाशामकाची गरज कमी करण्यासाठी जोड म्हणून हा अर्क वापरून पाहणे वाजवी आहे. आमवाताचे मूळ औषध म्हणून तो वापरणे धोक्याचे आहे.

मला अधिक काळजी वाटते ती मिरीच्या सत्त्वाची. नुसते कर्क्युमिन रक्तात फारसे उतरत नाही. बेंगळुरू येथील संशोधकांनी १९९८ मध्ये निरोगी व्यक्तींना दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर फक्त २० मिलिग्रॅम पायपरीन, म्हणजे मिरीचे सत्त्व, दिले, तेव्हा त्याचे शोषण सुमारे वीस पटींनी वाढले. त्यानंतर बहुतेक कंपन्या कॅप्सूलमध्ये मिरी घालू लागल्या. परंतु पायपरीन हे साधते ते औषधांचा निचरा करणाऱ्या यकृतातील व आतड्यातील विकरांना (एन्झाइम्सना) अडवून. म्हणजे सोबत घेतलेल्या इतर काही औषधांचे रक्तातील प्रमाणही वाढू शकते. अमेरिकेतील डॉक्टरांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेल्या उत्पादनांपैकी काहींत मिरीचे सत्त्व होते आणि बऱ्याच रुग्णांमध्ये एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला. असे क्वचितच घडते, पण मेथोट्रेक्सेट स्वतःच यकृतावर ताण टाकणारे औषध आहे.

त्यामुळे सासूबाईंनी कॅप्सूलची बाटली पुढच्या भेटीत तज्ज्ञांना दाखवावी आणि तोपर्यंत ती सुरू करू नये. त्यांनी संमती दिली तर सुरू करण्यापूर्वी आणि साधारण महिन्याभराने यकृताची तपासणी करून घ्यावी. भूक मंदावणे, लघवी गडद होणे किंवा डोळे पिवळे दिसणे, यांपैकी काहीही जाणवल्यास कॅप्सूल त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना कळवावे. गुळवेलही त्यांनी टाळावी. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती, आणि ती इजा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या प्रकाराशी मिळतीजुळती होती. आमवातही त्याच जातीचा आजार आहे. पोटातील जळजळीसाठी गोळी जेवणानंतर घेणे आणि डॉक्टरांकडून पँटोप्राझोलसारखे औषध लिहून घेणे हा सरळ उपाय आहे.

प्रश्न : माझे वय अडुसष्ट आहे. दोन्ही गुडघे झिजले आहेत. अँजिओप्लास्टी झालेली असल्यामुळे रोज ॲस्पिरिन घेतो. डायक्लोफेनॅकसोबत शल्लकी घेतली तर चालेल का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या बाबतीत मुख्य अडचण शल्लकीची नसून डायक्लोफेनॅकची आहे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांनी डायक्लोफेनॅक घेऊ नये, असा इशारा युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्येच दिला होता. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर मूत्रपिंडांचाही प्रश्न येतो. दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी आजच थांबवून हृदयरोगतज्ज्ञांशी बोलावे. गुडघ्यावर लावायचे मलम आणि मर्यादित मात्रेतील पॅरासिटामॉल यांचा विचार ते करू शकतील.

शल्लकी म्हणजे सलई या झाडाचा डिंक. हे झाड आपल्या मध्य प्रदेशातील सातपुड्याच्या जंगलांत मुबलक आढळते. त्यातील बोस्वेलिक आम्ले ल्यूकोट्रिन ही दाह वाढवणारी रसायने तयार करणाऱ्या विकराला रोखतात, म्हणजे दाहाचा जो मार्ग डायक्लोफेनॅक सोडून देते, त्यावर काम करतात. गुडघ्याच्या झिजेत तिच्या अर्काने वेदना थोडी कमी होते, असा निष्कर्ष उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात आहे. ‘थोडी’ हा शब्द ध्यानात ठेवावा. आपण ॲस्पिरिनवर असल्याने ती डॉक्टरांच्या संमतीनेच सुरू करावी. हळदीचा अर्क तर रक्तस्रावाची शक्यता वाढवू शकत असल्यामुळे आपल्याला मुळीच सुचवणार नाही. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणे यांचा गुडघ्यांना होणारा लाभ या दोन्ही अर्कांपेक्षा अधिक खात्रीचा आहे.

प्रश्न : सियागंज बाजारातून आणलेली चांगली हळद रोज दुधात घेतली, तर कॅप्सूलची गरज राहील का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते, म्हणजे एका लहान चमच्यात शंभर मिलिग्रॅमपेक्षाही कमीच. अभ्यासांमध्ये रोज पाचशे ते पंधराशे मिलिग्रॅम दिले होते. तेव्हा हळदीचे दूध आहार म्हणून अवश्य घ्यावे, स्वयंपाकातील हळदीला सहसा कोणत्याही गोळीची अडचण येत नाही, पण तिच्याकडून कॅप्सूलच्या परिणामाची अपेक्षा ठेवू नये. मात्र लेबल नसलेली ‘वाताची पुडी’ कोणी दिली आणि दोन दिवसांत दुखणे पार नाहीसे झाले, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी. अशी पुडी बरेच दिवस घेतली असल्यास ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे, रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा आणि ती कशी कमी करायची हे त्यांनाच ठरवू द्यावे.