'समलैंगिक कैदी' की 'समलिंगी संबंध ठेवणारे कैदी'?

प्रश्न असा आहे : तुरुंगांतील लैंगिक संबंधांवरच्या समाजशास्त्रीय संशोधनाचा मराठी सारांश करताना 'समलैंगिक कैदी' लिहावे की 'समलिंगी कैदी'?

व्याकरणाने दोन्ही चालतील. 'लिंग'ला 'इक' प्रत्यय लागून वृद्धीने 'लैंगिक' झाला, त्याला 'सम' जोडला. 'समलिंगी' थेट 'समलिंग'वरून आला. अडचण आहे ती हे विशेषण माणसाला लावण्यात. 'समलैंगिक कैदी' म्हटले की ती त्याची कायमची ओळख ठरते, आणि संशोधकाने मात्र पुष्कळदा मोजलेले असते फक्त वर्तन. तुरुंगात असे संबंध ठेवणारे कित्येक जण स्वतःला समलैंगिक म्हणवत नाहीत, बाहेर आल्यावर ते संबंध सुरू ठेवतातच असेही नाही. म्हणून मी 'समलिंगी संबंध ठेवणारे कैदी' असेच लिहीन. लांब आहे, पण खरे आहे. कैद्याने स्वतः ओळख सांगितली असेल तिथे 'समलैंगिक' खुशाल वापरावा.

'समलैंगिक प्रवृत्ती' टाळाच. तुरुंगाच्या संदर्भात 'प्रवृत्ती'च्या आधी वाचकाला न लिहिलेला 'गुन्हेगारी' ऐकू येतो. 'लैंगिक कल' हा शब्द स्वच्छ आहे.

परिस्थितीमुळे घडणाऱ्या वर्तनाला 'परिस्थितिजन्य' म्हणावे. समासात 'ति' ऱ्हस्व. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ग्रेशम साइक्स यांनी १९५८ मध्ये न्यू जर्सीतील तुरुंगाच्या अभ्यासात भिन्नलिंगी सहवास तुटणे ही कारावासाची एक यातना मानली. त्या विचाराला (इंग्रजीत 'डिप्रिव्हेशन', म्हणजे हवे ते हिरावले जाणे) 'वंचनेचा सिद्धांत' म्हणू नका : मराठीत वंचना म्हणजे फसवणूक. 'वंचितता' हवे. कैदी बाहेरचे संस्कार सोबत घेऊन येतो, या दुसऱ्या मताला इंग्रजीत 'इम्पोर्टेशन' म्हणतात, पण त्यासाठी 'आयात' हा शब्द मालासारखा वाटतो. 'सोबत आणलेली मूल्ये' असे उलगडून लिहावे.

समाजशास्त्रज्ञ रोझ जियालोम्बार्डो यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतील ऑल्डरसनच्या स्त्री-तुरुंगावर लिहिताना कैदी स्त्रियांनी आपसांत जोडलेली आई, वडील, मुलगी अशी नाती नोंदवली. त्यांना 'लुटुपुटीचे कुटुंब' म्हणणे अन्यायाचे आहे, त्या बायकांना त्याच नात्यांचा आधार होता. आपल्याकडे 'मानलेला भाऊ' आहेच, तेव्हा 'मानलेले कुटुंब'.

सगळ्यात जपून वापरायचा शब्द 'संमती'. 'सहमती' म्हणजे मतैक्य, शरीरसंबंधाला 'संमती'च. पण उधारी फेडण्यासाठी किंवा मारहाणीपासून संरक्षण मिळावे म्हणून दिलेला होकार मूळ अहवालात वेगळा नोंदला असेल, तर तो 'संमतीचे संबंध' या रकान्यात ढकलू नये. 'दबावाखालील संबंध' लिहावे. धाक किंवा मारहाण करून केलेला संबंध असेल तर 'लैंगिक अत्याचार'. तिथे 'समलैंगिक' हे विशेषण लावूच नये, कारण त्याने दोष अत्याचार करणाऱ्याच्या कृत्यावरून सरकून लैंगिकतेवर जातो.