पाळणा टांगण्याआधी: घरदुरुस्तीवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचं घर साठ-सत्तर वर्षांचं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), मातीत बांधलेलं, मंगलोरी कौलांचं. मला चौथा महिना आहे, जुलैच्या मध्याची तारीख दिली आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होईल, एप्रिलच्या मध्याला सातव्यात जाईन. परत येईन तेव्हा घर नीट असावं असं यजमानांना वाटतं. छप्पर, दारं-खिडक्या, वाळवी, गिलावा, संडास सगळंच डोक्यात आहे. सासूबाई म्हणतात, गरोदर बाई घरात असताना हातोडा चालवू नये. सुरुवात कुठून करावी? (वाचक, देवगड तालुका)

उत्तर: सासूबाईंचं म्हणणं मोडून काढू नका. तुमच्या कामाचा क्रम त्याच्याशी जुळतोच. घराबाहेरची कामं आत्ता जानेवारी ते मार्चमध्ये काढा: संडासाची टाकी, नळाची पाइपलाइन, अर्थिंगचा खड्डा. ज्यात धूळ आणि विष आहे ती सगळी तुम्ही माहेरी गेल्यावर, एप्रिलच्या मध्यापासून. त्यासाठी हातात जेमतेम चार-पाच आठवडे राहतात, हे मात्र आजच धरून चाला. 2025 साली पाऊस 25 मेलाच देवगडात दाखल झाला होता. म्हणून 15 मे ही शेवटची तारीख समजा. सुतार, कौलं चढवणारे गडी यांना आत्ताच सांगून ठेवा. एप्रिल-मेमध्ये शाकारणीची सगळीकडेच घाई असते, ऐनवेळी माणूस मिळत नाही.

आतल्या कामांचा क्रम वरून खाली ठेवा. पहिला माळा. तिथे उंदरांची आणि वटवाघळांची घाण साठलेली असते. कोरड्या झाडूने ती उडवणं धोक्याचं, कारण उंदराच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) पसरतो आणि कोकणाला तो नवा नाही. 9 भाग पाण्यात 1 भाग घरगुती ब्लीचचं द्रावण शिंपडा, अर्धा तास भिजू द्या, मग खरवडून पोत्यात भरा. काम करणाऱ्याने एन-95 मास्क, रबरी हातमोजे आणि बूट घातलेच पाहिजेत.

मग कौलं. 100 चौरस फुटांना साधारण 150 मंगलोरी कौलं लागतात. फुटतूट धरून दहा टक्के जास्त आणा. रिपांमधलं, म्हणजे कौलं ज्यांवर बसतात त्या लाकडी पट्ट्यांमधलं, अंतर ऐकीव आकड्यावर ठरवू नका. कारखान्यागणिक कौलाची लांबी थोडी बदलते. जी कौलं बसवणार त्यातली दोन एकमेकांत अडकवून नाकापासून नाकापर्यंत मोजा आणि तेच अंतर धरा. हे अंतर चुकलं की कौल नीट अडकत नाही, आणि नैऋत्येकडच्या वाऱ्यात पाणी उलटं वर चढून आत येतं. खिळे गॅल्व्हनाइज्ड घ्या, साधे खिळे खाऱ्या हवेत लवकर गंजतात. पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अॅस्बेस्टॉस (श्वासातून जाणारे घातक तंतू) असण्याची शक्यता मोठी. ते फोडू नका, कापू नका. पाणी मारून ओले करा, बोल्ट काढा आणि अख्खे उतरवा.

दारं-खिडक्यांचा रंग हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग. नोव्हेंबर 2017 पासून आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) आहे. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळा, हिरवा, शेंदरी असेल तर, शिसं असणारच असं समजून वागा. हे शिसं आईच्या रक्तातून गर्भापर्यंत पोहोचतं आणि मेंदूच्या वाढीला बाधा आणतं. पुढे रांगणारं बाळ जमिनीवरचा हात तोंडात घालतं. लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं. त्यामुळे दोन गोष्टींना पेंटरला स्पष्ट नकार द्या: कोरडा पॉलिश पेपर आणि ब्लो लॅम्प. एकाने धूळ होते, दुसऱ्याने वाफ. रंग घट्ट असेल तर खरवडण्याची गरजच नाही. साबणाच्या पाण्याने धुऊन, वॉटर पेपर ओला ठेवून हलका हात फिरवा आणि वर नवा हात द्या. जिथे दार चौकटीला घासतं आणि खिडकीच्या खालच्या पट्टीवर पापुद्रे सुटले आहेत, तेवढाच भाग पाणी मारून काढा. खाली प्लास्टिक अंथरा, संध्याकाळी ते गुंडाळून बांधा. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने दोनदा पुसा. शेणाने सारवलेल्या खोलीत हे काम नकोच, पडलेली भुकटी तिथून निघत नाही. दारं काढून खळ्याच्या (अंगणाच्या) टोकाला न्या.

वाळवीचं औषध रंगानंतर, फरशीच्या आधी. क्लोरपायरिफॉस स्वस्त म्हणून सुचवलं जाईल, पण गर्भाच्या आणि बाळाच्या मेंदूवर परिणामाची शंका असलेल्या औषधांत त्याचं नाव आहे. ते घेऊ नका. इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के हे औषध 1 लिटर पाण्यात 2.1 मिली इतकं पुरतं. भिंतीच्या कडेने फूटभर अंतरावर 12 मिमीची भोकं, प्रत्येक भोकात 1 लिटर द्रावण, मग सिमेंटने बंद. विहीर घराला खेटून असेल तर त्या बाजूच्या भिंतीला हे औषध देऊच नका. जांभ्याच्या भेगांतून पाणी कुठून कुठे जाईल याचा नेम नसतो. त्या बाजूचं खाल्लेलं लाकूड सरळ बदला.

गिलावा यंदा नको, आणि हे आम्ही आग्रहाने सांगतो. मे महिन्यात लावलेला गिलावा पुरता सुकत नाही, पावसाळाभर ओला राहतो आणि बाळ घरी येईल तेव्हा भिंतीला बुरशी असते. शिवाय मातीत बांधलेल्या चिऱ्याला सिमेंट लावूच नये. चिरा पाणी पितो, ते बाहेर पडायची वाट सिमेंट अडवतं, आतली माती भुसभुशीत होते आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. दिवाळीनंतर चुन्याचा करा, 1 भाग चुना, 3 भाग नदीची वाळू. समुद्राची वाळू कितीही जवळ असली तरी नको, तिच्यातलं मीठ भिंतीवर पांढरं फुटत राहतं. आत्ता बाळंतिणीच्या खोलीला चुन्याची सफेदी पुरे.

एक राहिलं. गणपतीच्या आधी घर रंगवायची सगळ्यांनाच हौस असते, पण दमट हवेत ऑइलपेंट लवकर सुकत नाही आणि वास आठवडाभर घरात घुमतो. यंदा तो हात दिवाळीनंतर द्या.

प्रश्न: सुनेला सहावा महिना आहे. रात्री खळं ओलांडून संडासाला जावं लागतं, म्हणून मागच्या पडवीत कमोड बसवतोय. शोषखड्ड्याला विहिरीपासून 30 फुटांवर जागा आहे. चालेल का? (वाचक, दापोली)

उत्तर: चालणार नाही. शोषखड्डा आणि विहीर यांत कमीत कमी 15 मीटर, म्हणजे 50 फूट हवेत, आणि खड्डा विहिरीच्या उताराला हवा. जांभ्यात त्याहून लांब गेलेलं बरं. गरोदरपणात याला वेगळं महत्त्व आहे. मैलापाणी विहिरीत मिसळलं की हेपॅटायटिस ई प्रकारची कावीळ होऊ शकते. इतरांना ती बहुधा बरी होते, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईच्या जिवावर बेतते.

टाकी 30 फुटांवर ठेवता येईल, पण ती आतून सिमेंटने घोटलेली, न झिरपणारी हवी. पाच माणसांना आतून 1.5 मीटर लांब, 0.75 मीटर रुंद, पाण्याची खोली 1 मीटर आणि वर 30 सेंमी मोकळी जागा पुरते. टाकी पाण्याने भरून एक दिवस ठेवा. पातळी उतरली तर घोटाई पुन्हा करून घ्या. टाकीतून निघणारं पाणी बंद पाइपने उताराकडे लांब न्या आणि शोषखड्डा तिथे करा. कमोडपासून टाकीपर्यंत 4 इंची पाइप, दर 5 फुटांना सव्वा ते दीड इंच उतार. उतार कमी पडला की घाण अडते.

आत फरशी मॅट घ्या, गुळगुळीत नको. कमोडच्या बाजूला भिंतीत स्टेनलेस स्टीलचा दांडा बसवा. पोट वाढल्यावर उठताना आणि बाळंतपणानंतर टाक्यांमुळे बसताना त्याचाच आधार असतो. न्हाणीसाठी गॅस गीझर घेणार असाल तर तो बंद बाथरूममध्ये कधीही नको, त्याच्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. बाहेरच्या भिंतीवर लावा.

विहिरीत ब्लीचिंग पावडर 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम. विहीर 3 मीटर व्यासाची आणि पाणी 4 मीटर असेल तर सुमारे 28,000 लिटर पाणी, म्हणजे 70 ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ रात्री विहिरीत सोडा, पाणी सकाळी वापरा. सुनेला प्यायला मात्र खळखळ उकळी आल्यावर 2 मिनिटं उकळलेलंच पाणी द्या.

प्रश्न: जुन्या लाकडी पट्टीची वायरिंग बदलली, ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. पहिल्याच पावसात तो सारखा पडतो. वायरमन म्हणतो काढून टाका. महिन्याभरात बाळ घरी येईल. (वाचक, अलिबाग)

उत्तर: काढू नका. 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी पडतो म्हणजे कुठेतरी वीज ओलीत उतरते आहे, आणि तो ते बरोबर सांगतो आहे. सगळे एमसीबी (प्रत्येक लाइनीचे वेगळे स्विच) खाली करा, ईएलसीबी चढवा, मग एकेक एमसीबी वर घ्या. ज्याने तो पडेल त्या लाइनीत दोष. बहुतेक वेळा पडवीतला उघडा बोर्ड, विहिरीवरचा पंप किंवा चिऱ्यात गाडलेला ओला जॉइंट सापडतो. बोर्ड झाकणाचा घ्या, जॉइंट बाहेर डब्यात आणा, पंपाला स्वतंत्र ईएलसीबी द्या म्हणजे घराची वीज जाणार नाही. सगळे एमसीबी खाली असतानाही तो पडत असेल तर खुद्द ईएलसीबी किंवा त्याची जोडणी तपासा. दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधले असले तरी तो पडतो. वायर दिव्यांना 1.5, प्लगला 2.5, गीझरला 4 चौरस मिमी आहे ना, तेही एकदा पाहा. कातळावर अर्थिंग उन्हाळ्यात सुकतं. मार्च ते मे खड्ड्यात आठवड्यातून एकदा पाणी घाला.

प्रश्न: माजघरातल्या जुन्या तुळईला पाळणा टांगायचा आहे. लाकूड तपासायचं कसं? (वाचक, राजापूर)

उत्तर: हातोडीच्या दांड्याने टोकापासून टोकापर्यंत ठोका. भरीव आवाज सगळीकडे सारखा आला पाहिजे. पोकळ आवाज आला तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचा. तो अर्धा इंच सहज आत गेला तर ती तुळई पाळण्यासाठी धरू नका. भिंतीत शिरणारी टोकं नक्की तपासा, ओल आणि वाळवी तिथूनच सुरू होते. जुन्या कड्यावर विश्वास नको. वरून चांगलं दिसतं पण लाकडाच्या आतला भाग गंजून बारीक झालेला असतो. तुळईच्या आरपार 12 मिमीचा स्टेनलेस आयबोल्ट (टोकाला कडं असलेला बोल्ट) घाला, वर रुंद वायसर आणि दोन नट. स्क्रूचं कडं चालणार नाही, झोके बसून ते सैल होतं. मग वाळूचं 60 किलोचं पोतं टांगून दिवसभर झुलवा. बाळाचं वजन चार किलो असलं तरी पाळण्याला मोठी भावंडं लोंबकळतात. कौलं उघडी असतील तर पाळण्याच्या वर माळ्याच्या फळ्या किंवा जाड कापडाचं छत हवं. सुती दोरी दर महिन्याला गाठीपाशी उलगडून पाहा, एक पदर जरी तुटला असेल तर दोरी बदला.